गाडी शेंडीतच थांबू द्या

गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या शनिवारी रात्री साडेआठला मी भंडारदऱ्याच्या जलाशयामागच्या रस्त्यावर उभी होते. समोर पन्नासेक पावलांवर सादड्याचं एक मोठं झाड होतं. ते काजव्यांनी भरलेलं आहे हे मला माहीत होतं, कारण त्याच आठवड्यात बुधवारी मी तासभर त्याच्यासमोर बसले होते. शनिवारी मात्र मला फक्त हेडलाइट दिसत होते. समोरून गाड्यांची एक रांग, मागून दुसरी, मधे अडकलेली मिनीबस आणि तिला वाट द्यायला दोन चाकं शेतात उतरवून तिरकी झालेली एक मोटार. एका तरुणानं मोबाइलचा टॉर्च झाडावर मारला आणि मित्राला विचारलं, "कुठायत काजवे?" तो चार तास गाडी चालवून आला होता. टॉर्चच्या झोतात त्याला पानं दिसली, फांद्या दिसल्या. दहा मिनिटांत ती मंडळी पुढच्या झाडाकडे निघाली.

बुधवारी असं नव्हतं. गावातला एक पोरगा आम्हां बाराजणांना घेऊन निघाला होता. रस्ता सोडून बांधावर आल्यावर तो म्हणाला, "आता बॅटऱ्या खिशात. इथंच बसा. बोलू नका, जरा दम धरा." पहिली पाच-सात मिनिटं नुसता काळोख होता. शेजारी बसलेल्या बाईंचा चेहराही दिसेना. मग आभाळ झाडापासून वेगळं झालं, झाडाचा घेर कळला, आणि त्या घेरात एक ठिपका लागला. मग चार लागले. आणि मग बुंध्याजवळून शेंड्याकडे एक हिरवट लाट गेली, विझली, क्षणभर सगळं झाड काळं झालं आणि पुन्हा लाट उठली. हजारो काजवे एका तालात लागत-विझत होते. एक काजवा माझ्या बाहीवर येऊन बसला. तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा, पोटाच्या शेवटच्या दोन पेरांचा रंग दुधाळ. ती पेरं उजळली की बाहीच्या कापडाची वीण दिसायची, विझली की तो तिथं आहे हेही कळायचं नाही. हाताला ऊब अजिबात लागली नाही.

दोन्ही रात्री झाड तेच होतं, माणसंही भरपूर होती. आमच्या मागे-पुढे बुधवारीही तीन-चार गट बसलेले होते, सगळे मिळून चाळीस तरी असतील. तेवढ्या माणसांनी काही बिघडलं नाही, कारण सगळी अंधारात, पायी आलेली होती. शनिवारी बिघाड झाला तो गाड्यांनी आणि त्यांच्या उजेडानं. म्हणून काजव्यांच्या पर्यटनाबद्दल दरवर्षी मे महिन्यात जो वाद पेटतो, त्यात माझं म्हणणं एवढंच आहे की माणसांना येऊ द्या, गाड्या बाहेर थांबवा. ही सोय-गैरसोयीची बाब नाही. एवढी एक गोष्ट जमली नाही तर बाकीचे सगळे नियम कागदावरच राहतील, असं मला वाटतं.

ज्यांनी हा भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ साली जाहीर झालं. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, सह्याद्रीच्या अगदी कण्यावर, सुमारे ३६२ चौरस किलोमीटरचा हा पट्टा आहे. राज्यातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई याच्यात, हरिश्चंद्रगड याच्यात, रतनगड याच्यात. मुंबईकडून घोटी-बारीमार्गे आणि पुण्याकडून अकोले-राजूरमार्गे येणाऱ्या गाड्या भंडारदरा धरणाजवळच्या शेंडी गावात येतात. तिथून पुढे जलाशयाला वळसा घालणारा रस्ता आहे: मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, कोलटेंभे, मुतखेल आणि परत शेंडी. महादेव कोळी आणि ठाकर समाजाची ही गावं. मेच्या मध्यापासून इथं काजवे दिसायला लागतात, रोहिणी नक्षत्रात भरात येतात, आणि मृगाचा पाऊस एकदा धरून लागला की ओसरतात. सगळा मिळून तीन-चार आठवड्यांचा मामला. माझं आजोळ याच तालुक्यातलं. आजी काजव्यांवरून भाताच्या वाफ्याची घाई ठरवायची. झाडं लागली म्हणजे पाऊस घाटाखाली आला, आता धूळवाफेची, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत करायची, पेरणी लांबवायची नाही, असा तिचा हिशेब होता. तेव्हा काजवे बघायला बाहेरून कुणी येत नव्हतं.

आता शनिवार-रविवारी येणाऱ्या गाड्या मोजायला माणूस बसवावा लागतो, आणि याला नाव पडलंय "काजवा महोत्सव". हे नाव मला पहिल्यापासून खटकतं. महोत्सव म्हटलं की मांडव आला, लाउडस्पीकर आला, खाण्याचे स्टॉल आले, रात्री उशिरापर्यंतची जाग आली. ज्याला महोत्सवाचं आमंत्रण दिलं त्यानं शांत बसावं अशी अपेक्षा कशी करायची? त्यापेक्षा गावात म्हणतात तसं "काजवं बघायला जाणं" पुरेसं आहे.

काजव्याचं चमकणं म्हणजे रोषणाई नव्हे. तो नर-मादीचा बोलावा आहे. बऱ्याच जातींत नर चमकतो आणि मादी गवतातून किंवा पानावरून ठरावीक अंतरानं उत्तर देते. जातीजातीचा ताल वेगळा असतो, त्यावरून आपला-परका ओळखला जातो. पंख फुटलेल्या काजव्याचं आयुष्य काही आठवड्यांचंच असतं, आणि कित्येक जाती या काळात काही खातही नाहीत. जे काही खाणं-वाढणं असतं ते आधी, अळी असताना. ही अळी कित्येक महिने ओल्या पालापाचोळ्यात आणि मातीत राहते, गोगलगायी आणि गांडुळं खाते. म्हणजे जूनमध्ये आपल्याला झाडावर दिसतो तो काजव्याच्या आयुष्याचा शेवटचा, अगदी छोटा तुकडा. तेवढ्यात जोडी जमली नाही तर त्याचं पिढीपुरतं सगळं संपलं. कृत्रिम उजेडात काजव्यांचं चमकणं कमी होतं आणि जोड्या जमण्यात खीळ बसते, हे प्रयोगांतून दिसून आलेलं आहे. हेडलाइटचा झोत झाडावर गेला की झाड विझतं, हे तर शेंडीतलं शाळकरी पोरही सांगेल. "गाड्या आल्या की काजवं गप होत्यात, ताई," असं आमच्या वाटाड्यानं सांगितलं, आणि मग म्हणाला, "तशी रात्र तर रोजच सरती, पण त्यांच्याकडं किती रात्री असत्यात?"

गाडीचा दुसरा त्रास कमी दिसतो, पण तो जास्त खोल आहे. रस्ता अरुंद, त्यामुळे गाड्या कडेच्या गवतात, झाडाखाली, पडीक वावरात उतरतात. नेमक्या तिथल्याच पाचोळ्यात अंडी आणि पुढच्या वर्षाच्या अळ्या असतात. जलाशयाच्या काठाला सपाट करून तंबू ठोकले जातात, तिथंही तेच. यंदाच्या रात्री बिघडल्या तर यंदाचे पर्यटक नाराज होतील. जमीन दाबली गेली तर पुढच्या वर्षी चमकायला कुणी येणार नाही.

मेक्सिकोतल्या त्लाश्काला राज्यातल्या नानाकामिल्पा इथलं उदाहरण या बाबतीत बोलकं आहे. तिथल्या जंगलात फोटिनस पॅलासिओसी नावाचा काजवा आहे. त्याच्या मादीला उडता येत नाही, ती जमिनीवरच असते. जंगलतोडीवर जगणाऱ्या लोकांना काजव्यांनी नवा रोजगार दिला, ही त्यातली चांगली बाजू. पण बघणाऱ्यांची संख्या वाढत गेली तशी पायवाटेबाहेर पडलेल्या पायांखाली नेमक्या माद्या चिरडल्या जाण्याची भीती तिथल्या अभ्यासकांना वाटू लागली. २०२१ साली सारा लुईस आणि त्यांच्या सहकारी शास्त्रज्ञांनी जगभरच्या काजवा पर्यटनाचा आढावा घेतला, तेव्हा किमान १२ देशांत मिळून वर्षाला १० लाखांवर लोक काजवे बघायला जातात असा अंदाज निघाला. आपण अकोल्यात जे भोगतोय ते एकट्या अकोल्याचं नाही. त्यामुळे इतरांनी काय केलं ते बघून घेण्यात शहाणपण आहे.

अमेरिकेतल्या ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानात एल्कमाँट नावाच्या जागी असेच तालात चमकणारे काजवे आहेत. त्या आठवड्यात तिथं खासगी गाडी घेऊन कुणालाही वाटेल तेव्हा जाता येत नाही. आधी अर्ज करायचा, सोडत निघते, आणि नाव लागलं तरच त्या रात्रीचा गाडीचा परवाना मिळतो. अलीकडच्या वर्षांत रात्रीला सुमारे १२० गाड्या, एवढंच. टॉर्चवर लाल कागद लावायचा, तो जमिनीकडे धरायचा, फक्त चालताना वापरायचा, वाट सोडायची नाही. मलेशियात सेलांगोर नदीवर काम्पुंग क्वांतानला पाहुण्यांना वल्ह्याच्या होडीतून नेतात, इंजिनाच्या बोटीतून नाही. दोन्हीकडे बघणाऱ्याला बघू दिलं जातं, फक्त त्याच्या गाडीला, इंजिनाला आणि दिव्याला आत घेत नाहीत.

आणि एक उदाहरण उलटं आहे, ते मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतं. थायलंडमधल्या आम्फावाला कालव्याकाठच्या झाडांवर काजवे असायचे, आहेतही. ते दाखवायला रात्री-अपरात्री इंजिनाच्या बोटी फिरू लागल्या. बोटींचा पैसा बोटवाल्यांना, आणि झोपमोड काठावरच्या घरांची. तेव्हा काही रहिवाशांनी वैतागून आपल्या दारातली काजव्यांची झाडंच तोडून टाकली. मी त्या माणसांना दोष देऊ शकत नाही. ज्याच्या अंगणात झाड आहे त्याला जर पर्यटनातून फक्त धूळ, हॉर्न आणि सकाळी उचलायच्या बाटल्या मिळणार असतील, तर झाड राखण्याचं त्याला काय कारण उरतं?

हा प्रश्न आपल्याकडे तितकाच खरा आहे. काजव्यांमुळे गावाला पैसा मिळतो, तेव्हा बोलू नका, असं मला ऐकवलं जातं. पैसा मिळतो हे खरंच आहे, आणि तो मिळायलाच हवा. मार्च ते मेमध्ये बाळहिरडा वेचून सुकवून विकायचा, नंतर भात, आणि मधे मजुरीला नारायणगाव-संगमनेरच्या बाजूला जायचं, या चक्रात तीन आठवडे घरात बसून चार पैसे मिळत असतील तर ती फार मोठी गोष्ट आहे. पण गावात जाऊन विचारा की कुणाला किती मिळतात. ज्यांच्या घरी पाहुणे जेवतात त्यांना मिळतात, जे वाटाडे म्हणून जातात त्यांना मिळतात. तलावाकाठी बाहेरून येऊन तंबू मांडणाऱ्याकडून गावाला मिळतं ते बहुधा जागेचं भाडं आणि दोन-चार पोरांची हजेरी. आणि जो पर्यटक मुंबईहून संध्याकाळी निघतो, पूर्ण रस्ता गाडीतूनच फिरतो, गाडीतच डबा खातो आणि पहाटे परततो, त्याच्याकडून वाटेवरच्या नऊ गावांतल्या एका चुलीलाही काही मिळत नाही. त्याचा सगळा खर्च पेट्रोल पंपावर झालेला असतो. गाडी शेंडीला थांबली तर हाच माणूस गावाच्या जीपमध्ये बसेल, गावाच्या पोराबरोबर चालेल, आणि भूक लागली तर कुणाच्या तरी ओट्यावर भाकरी खाईल. गाड्या थांबवल्यानं गावाचं नुकसान होतं हा समज मला पटत नाही तो यामुळे.

याच तालुक्यात राजूरजवळच्या पुरुषवाडीनं हे केलेलं आहे. पाहुणे गावात राहतात, घराघरात आळीपाळीनं जेवतात, आणि अंधार पडल्यावर गावातल्या माणसाबरोबर पायी जाऊन काजवे बघतात. हे आजचं नाही, कित्येक वर्षं चाललंय. तिथं पाहुण्याला कुणी नियमांची पाटी वाचून दाखवत नाही. सोबतच्या माणसानं "बॅटरी बंद" म्हटलं की ती बंद होते, कारण आपण त्याच्या घरी जेवलेलो असतो.

दुसऱ्या बाजूनं काही निसर्गप्रेमी मित्र म्हणतात, सरळ बंदी घाला, तीन आठवडे कुणालाच सोडू नका. त्यांची तळमळ मला कळते. शनिवारची रात्र बघितल्यावर माझ्याही तोंडून क्षणभर तेच निघालं होतं. पण बंदीनं दोन गोष्टी होतात. एक, गावाचा काजव्यांशी असलेला पैशाचा धागा तुटतो, आणि मग वणवा लागला, झाडं तुटली, कुणी रिसॉर्टसाठी वावर विकलं, तर काजव्यांच्या बाजूनं बोलायला गावात कुणी राहत नाही. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. ज्या मुलानं आयुष्यात एकदाही खरा अंधार पाहिलेला नाही, त्याला उद्या अंधार वाचवा म्हटलं तर तो काय म्हणून वाचवेल? बुधवारी आमच्या गटात ठाण्याची एक आठ-नऊ वर्षांची मुलगी होती. सुरुवातीला ती आईचा हात धरून रडवेली झाली होती. अर्ध्या तासानं तिनं आईला विचारलं, "आपल्याकडे पण असं काळं करता येईल का?" या प्रश्नासाठी तिला इथं येऊ देणं मला गरजेचं वाटतं.

आता अधिकाराचा मुद्दा. "आम्ही टोल भरतो, पावती फाडतो, मग गाडी का अडवता?" असं विचारणाऱ्यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ एकदा वाचावा असं मी सुचवेन. कलम २७ प्रमाणे अभयारण्यात तिथले रहिवासी, कामावरचे सरकारी कर्मचारी अशा मोजक्यांखेरीज कुणालाही परवान्यावाचून प्रवेश नाही. कलम २८ मध्ये परवाना कशासाठी देता येतो ती कारणं आहेत, त्यांत पर्यटन आहे. म्हणजे पर्यटक आत जातो तो हक्कानं नाही, परवानगीनं. आणि परवानगीला अटी असतात. शिवाय २००२ च्या दुरुस्तीनंतर या कायद्यातल्या "प्राणी" या शब्दात अपृष्ठवंशी जीवही आले, त्यांची पिल्लं आणि अंडीसुद्धा. काजव्याचं नाव वाघासारखं परिशिष्टात नसेल, पण अभयारण्यातला तो काही उपरा नाही.

मला इथं एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. अभयारण्य झालं तेव्हा पहिल्यांदा नियम लागले ते तिथं पिढ्यानपिढ्या राहणाऱ्यांना. गुरं कुठे चारायची, लाकूड कुठलं आणायचं, हिरड्याच्या झाडावर कुणाचा हक्क, या सगळ्यावर आदिवासी माणसाला उत्तरं द्यावी लागली. जळणाची मोळी डोक्यावर असलेल्या बाईला जिथं थांबवलं जातं, तिथं दोन टनांची गाडी दिवे पेटवून रात्रभर फिरू शकते, हे कुठल्या संरक्षणात बसतं? अभयारण्याचा भार जर वाटून घ्यायचा असेल तर त्यातला थोडा शहरानंही घ्यावा. आपला वाटा तर किती लहान आहे: गाडी पंधरा-वीस किलोमीटर अलीकडे लावणं.

आणि हे महाराष्ट्राला नवीन नाही. माथेरानला गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात. पुढे माणूस पायी जातो, घोड्यावर जातो, छोट्या आगगाडीनं जातो. त्यामुळे माथेरान ओस पडलं असं कुणी म्हणेल का? कासच्या पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाला ३,००० माणसांची मर्यादा ठरली, आगाऊ नोंदणी आली, आणि व्यवस्था आसपासच्या गावांच्या वन समित्यांकडे आली. तिथले वाद संपलेले नाहीत, कुंपणावरून आणि गुरांच्या चराईवरून बराच खल झाला. पण संख्या ठरवता येते आणि गावाला ती सांभाळता येते, एवढं कासनं दाखवून दिलंय.

भंडारदऱ्याला संख्या कशी ठरवावी? इथं मी एका गोष्टीसाठी आग्रही आहे. ती पैशानं ठरवू नये. प्रवेश शुल्क वाढवलं की गर्दी कमी होते हे खरं, पण मग काजवे हा श्रीमंतांचा छंद होईल आणि नगरहून एसटीनं येणारा शिक्षक, घोटीचा दुकानदार, कल्याणचं चार माणसांचं कुटुंब बाहेर राहील. सोडत काढावी. अर्ज फुकट असावा, नाव लागलं तर माणशी शुल्क घ्यावं, गाडीमागे नव्हे. गाडीमागे पावती फाडली की आपण नकळत गाडी हाच पाहुणा मानतो. आणि काही रात्री अकोले तालुक्यातल्या शाळांसाठी राखून ठेवाव्यात. राजूर-अकोल्यातल्या कित्येक मुलांनी हे झाड पाहिलेलं नाही, हे मी तिथल्या नात्यागोत्यात वावरताना ऐकलंय.

शेंडीपासून पुढे गावांच्या जीप चालाव्यात. या भागात काळीपिवळी आणि जीप आधीपासून आहेत, बाजाराला माणसं त्याच नेतात. त्या जीपही काजव्यांच्या झाडांपासून दोन-तीनशे मीटर अलीकडे थांबाव्यात, पुढचं अंतर पायी. म्हाताऱ्या माणसांना आणि ज्यांना चालता येत नाही त्यांना आणखी थोडं जवळ न्यावं, दिवे मालवून. एका वाटाड्यामागे दहा-बारा माणसं, त्याच्याच हातात लाल कागद लावलेली एक बॅटरी. जून म्हणजे साप-विंचवांचा काळ, त्यामुळे पूर्ण अंधारात चालवणं हा वेडेपणा होईल. एक लाल बॅटरी वाट बघायला पुरते. आणि सगळी झाडं दाखवायची नाहीत. प्रत्येक गावानं काही राया अशा ठेवाव्यात की जिथं हंगामभर कुणीच जाणार नाही, आणि दर दोन-तीन वर्षांनी पाळी बदलावी. देवराई राखणाऱ्या मुलखाला ही कल्पना समजावून सांगावी लागणार नाही.

गावाच्या उजेडाबद्दलही नीट बोललं पाहिजे, कारण इथं शहरी माणूस पटकन चूक करतो. "गावात पथदिवे कशाला, काजवे जातील," असं मी ऐकलंय. ज्या बाईला रात्री गोठ्यात जायचंय, जिच्या पोराला मागच्या पावसाळ्यात पान लागलं होतं, म्हणजे साप चावला होता, तिला अंधाराचं कौतुक सांगायचा आपल्याला अधिकार नाही. गावातला दिवा राहणारच. त्याला वरून झाकण लावून उजेड खाली पाडता येतो, पांढऱ्याऐवजी पिवळा दिवा लावता येतो, तेवढं करावं, आणि त्याचा खर्च पर्यटनाच्या पैशातून व्हावा. हॉटेलांच्या आणि तंबूंच्या जागेवरचे हॅलोजन मात्र त्या तीन आठवड्यांत बंद असलेच पाहिजेत. ते गोठ्यासाठी लावलेले नसतात.

एक अडचण माझ्या नेहमी लक्षात येते, ती फोटोंची. काजव्यांनी पेटलेल्या झाडांचे जे फोटो आपण मोबाइलवर बघतो, ते बहुतेक वेळा एका क्षणाचे नसतात. कॅमेरा तिवईवर लावून बराच वेळ शटर उघडं ठेवतात, असे कित्येक फोटो काढून एकावर एक चढवतात. तासाभराचे ठिपके एका चित्रात येतात. त्यात खोटेपणा काही नाही, ती एक कला आहे. पण बघणाऱ्याला वाटतं की झाडाजवळ गेलं की असंच दिसणार. मग गाडीतून उतरल्या उतरल्या ते दिसत नाही, कारण डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात. तेवढी वाट बघितली नाही आणि मधेच एक हेडलाइट डोळ्यांवर आला, की सगळं पहिल्यापासून. काजवे न दिसलेला माणूस चिडतो, टॉर्च मारतो, पुढच्या झाडाकडे गाडी पळवतो, आणि तिथं बसलेल्या शंभर माणसांचे डोळे दिपवतो. शनिवारच्या कोंडीतल्या माणसांना मी वाईट म्हणणार नाही. त्यांना कुणी बसवलंच नव्हतं. म्हणून गाडी थांबवण्यात पर्यटकाचं काही हिरावलं जात नाही. काजव्याला जो अंधार लागतो तोच त्याला बघणाऱ्यालाही लागतो.

सगळ्यांनी भंडारदऱ्यालाच कशाला जायचं, हेही एकदा मनाला विचारावं. मुळशी, वेल्हे, भीमाशंकरच्या आसपासची गावं, कोकणातली कितीतरी खेडी, या सगळीकडे या दिवसांत काजवे असतात. आपलं आजोळ, मामाचं गाव, बायकोचं माहेर घाटमाथ्यावर किंवा घाटाखाली असेल तर तिथल्याच ओट्यावर दिवा मालवून बसता येईल. हजारांनी नसतील, वीस असतील. लहानपणी मी वीसच बघितले होते, काचेच्या बाटलीत धरायचा खेळही केला होता, आणि सकाळी बाटली बघून रडले होते. त्यानंतर आजीनं पुन्हा पकडू दिले नाहीत.

अकोले तालुक्यातल्या ग्रामसभांनी आणि वन विभागानं हे ठरवायचं असेल तर मे महिन्यात ठरवून उपयोग नाही. तोवर तंबूंची नोंदणी झालेली असते, जाहिराती फिरलेल्या असतात, लोकांनी सुट्ट्या टाकलेल्या असतात, आणि मग ऐन हंगामात काढलेला आदेश नाक्यावरच्या दोन वनरक्षकांच्या अंगावर येतो. हजारभर गाड्यांना ते दोघं काय अडवणार? हिरड्याचा हंगाम सुरू व्हायच्या आत, म्हणजे फेब्रुवारीतच बसलं पाहिजे. कुठल्या गावाच्या किती जीप, कोण वाटाडे, कुठल्या राया बंद, शेंडीत गाड्या लावायला कुणाची पडीक जागा आणि तिचं भाडं किती, हे सगळं तेव्हा लिहून काढता येईल. सोडत मार्चमध्ये. मग मेमध्ये भांडायला एकच बाब शिल्लक राहावी, की शेंडीच्या पुढे जाणारी शेवटची खासगी गाडी दुपारी चारला सोडायची की पाचला. माझं मत चारला.